नाणं न मागणारा नंबर

हल्ली जाहिरातीखाली एक लांबलचक नंबर असतो आणि शेजारी लिहिलेलं असतं, ‘टोल फ्री’. फोन तुम्ही करायचा, भुर्दंड त्यांनी सोसायचा. माझी नात मला सांगते की आजोबा, ही फार नवीन सोय आहे. मी मान डोलावतो. तिला कसं सांगू, की या देशातला असा पहिला नंबर मी चालू केला, सत्तरचं दशक नुकतं लागलेलं असताना, मुंबईच्या उपनगरात, हातात सोल्डरिंग आयर्न घेऊन आणि कुणालाही न विचारता! खरं तर मलाही न विचारता.

आमच्या घरी मी सांगितलेल्या गोष्टीतून रुपयामागे आठ आणे वजा करायची पद्धत आहे. ही गोष्ट बारा आणे खरी आहे. उरलेले चार आणे दिवाळीचे समजा.

मी टेलिफोन खात्यात टेक्निशियन होतो, पश्चिम उपनगरातल्या एका एक्स्चेंजमध्ये. कुठल्या ते सांगत नाही, कारण तिथली काही मंडळी अजून हयात आहेत आणि त्यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. एक्स्चेंज म्हणजे काय, तर नाटकगृहाएवढा हॉल, त्यात छताला भिडलेली लोखंडी कपाटं आणि त्या कपाटांत हजारो सिलेक्टर. तुम्ही घरी डायल फिरवलीत की इकडे एक सिलेक्टर टकटक करत वर चढायचा, गर्रकन आडवा फिरायचा आणि पुढच्याला हाक मारायचा. सकाळी दहाला तो हॉल असा वाजायचा, की हजार म्हाताऱ्या एकदम सुपारी कातरायला बसल्यात. पहिल्या महिन्यात मला घरी कुणी हळू बोललं तर ऐकू येईना. अजूनही येत नाही, पण त्याचा दोष मी आता वयाला देतो.

फोन मिळणं म्हणजे त्या काळी काय होतं हे नव्या पिढीला पटत नाही. अर्ज आजोबांनी करायचा आणि पहिला ‘हलो’ नातवाने म्हणायचा. म्हणून फोन लागला की लोक त्याला हार घालायचे. आणि नंबर! घाटकोपरचे एक धान्याचे व्यापारी माझ्यासमोर बसून म्हणाले, “बेरीज नऊ आली पाहिजे, नाहीतर मशीन परत घेऊन जा.” आणखी एक गृहस्थ सांताक्रूझहून मुलुंडला राहायला गेले आणि जुना नंबर बरोबर न्यायचा म्हणून हट्टाला पेटले. मी त्यांना समजावलं, “काका, नंबर माणसाचा नसतो हो, भागाचा असतो. पहिले दोन आकडे म्हणजे तुमचं गाव, पुढचा म्हणजे आळी, त्यापुढचे म्हणजे घर आणि दार. तुम्ही मुलुंडला गेलात आणि नंबर सांताक्रूझचा ठेवलात, तर बिचारा सिलेक्टर सांताक्रूझच्या दारावर थापा मारत बसेल.” काका म्हणाले, “मारू दे की. मी पैसे भरतो.”

फुकटचे नंबर मात्र वेगळ्या जातीचे. पोलीस, आगीचा बंब, रुग्णवाहिका. आकडे तीनच, आणि सगळ्या मुंबईला तेच. पण तुम्ही बोरिवलीतून फिरवलेत तर बोरिवलीकडचा बंब निघायचा आणि मुलुंडमधून फिरवलेत तर मुलुंडकडचा. आकडे सारखे, पण फोन कुठून आला त्यावर तो कुठे वाजायचा हे ठरायचं, आणि ते ठरवणाऱ्या तारा आम्ही जोडायचो. मी असा बोलतो की जणू आग मीच विझवली.

आता एकच तांत्रिक गोष्ट सांगतो, ती लक्षात ठेवा. समोरच्याने फोन उचलला की त्या बाजूने विजेचा एक उलटा झटका परत येतो. त्या झटक्याने तुमच्या मीटरचं चाक एक घर पुढे सरकतं. आणि तुम्ही रस्त्यावरच्या नाण्याच्या फोनवरून बोलत असाल, तर त्याच झटक्याने तुमचा आवाज बंद होतो. समोरचा ‘हलो, हलो’ करतोय हे तुम्हाला ऐकू येतं, पण नाणं आत पडेपर्यंत तुमचा शब्द त्याला पोचत नाही. फुकटच्या नंबरांसाठी हा झटका अडवायचा असतो. तो अडवणारी वस्तू म्हणजे इंचभर तारेचा तुकडा. तो त्या नंबरच्या जागी डकवला, की मीटर झोपतो आणि पेटी नाणं मागायचं विसरते.

आमच्या एक्स्चेंजमध्ये असे तुकडे नऊ हवे होते. नववा होता आमच्या लाइनमन मंडळींसाठी, त्यांना रस्त्यावरच्या पेटीवरून कचेरीला फोन करता यावा म्हणून. साधा सहा आकडी नंबर. नवीन कपाटं बसली तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. मी कपाटाच्या मागे शिरलो, डावीकडून घरं मोजली आणि झकास टाका मारला. फक्त एक गोष्ट विसरलो. कपाटाची पुढून जी डावी बाजू, ती मागून उजवी असते. आमच्या धंद्यात ही चूक प्रत्येक जण एकदा करतो आणि आयुष्यभर दुसऱ्यांची सांगतो.

दुसऱ्या दिवशी लाइनमन ओरडत आले, पेटी नाणं मागतेय! मी पुन्हा मागे शिरलो, या वेळी बरोबर बाजूने मोजलं आणि दुसरा तुकडा डकवला. आता पहिला काढायचा. तेवढ्यात मला फोन आला. मुलुंडहून. तात्यांचा.

तात्या म्हणजे माझे होणारे सासरे, गिरणीतून निवृत्त झालेले, मूळचे मालवणकडचे. माझं त्यांच्या शालिनीशी ठरलं होतं, पण एका अटीवर. मी तेव्हा प्रोबेशनवर होतो. तात्या दर आठवड्याला वाण्याच्या दुकानातून फोन करून तीच अट मला ऐकवायचे, “जावयबापू, पयली नोकरी पक्की कर, मगे मुंडावळ्यो बांध. तेच्याआधी माजा चेडू तुका गावचा नाय.” थोडक्यात, पक्की नोकरी नाही तर मुलगी नाही. फोन ठेवला तेव्हा माझं डोकं मुंडावळ्यांत अडकलं होतं. पहिला तुकडा तिथेच राहिला.

चार महिने काही झालं नाही. मग एक विलक्षण तक्रार आली. सगळी मुंबई आमच्याकडे फोन मागायला यायची आणि एका कोळीवाड्यातल्या मच्छिमार सोसायटीने पोस्टकार्ड धाडलं होतं: ‘फोन फार वाजतो. काढून न्यावा.’ मला तपासायला पाठवलं.

सोसायटीची कचेरी म्हणजे एक खोली. बाहेर बोंबील वाळत होते. आत एका खुर्चीवर धर्मादादा बसले होते. जाळ्याचा दोर गुंडाळून पाय अधू झाल्यापासून समुद्रावर जाणं बंद झालेला, साठीचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. मी ‘टेलिफोन’ एवढंच म्हणालो आणि त्यांनी हात जोडले.

“न्ये बाबा ह्यो डबा! सकालधरून वाजतंय. मी जेवू कवा?”

तेवढ्यात तो वाजला. दादांनी उचलला. त्यांच्या बोलीत अधूनमधून ‘ड’चा ‘र’ व्हायचा, होडीची होरी आणि पाडूचं पारू. “हलो! कंची तू, बोरिवलीची? तुज्या नवऱ्याची होरी लागली. पापलेट हाय, मोटा हाय. घाटकोपरला भाव चरलाय, टेंपो तिकडं गेला. तुला सुरमई धारतू. भाव पारू नको, समजली? ठेव.” ठेवला, की परत वाजला. “हलो! मुलुंड?”

मी अर्धा तास तिथे बसलो. आमच्या कचेरीत पंधरा ऑपरेटर होत्या, प्रत्येकीला सहा महिने शिकवून तयार केलेलं. त्या सगळ्या मिळून जे करू शकल्या नसत्या, ते हा माणूस एका हाताने विडी ओढत करत होता. चार उपनगरांतून बायका विचारायच्या आणि हा ठरवायचा, कोणता मासा कुठल्या बाजारात वळवायचा ते. मी तारा जोडून फोन भागाभागांत वाटायचो, दादा पापलेट वाटायचे. फरक एवढाच, की त्यांचं पापलेट चुकीच्या ठिकाणी कधी गेलं नाही.

“पण एवढे फोन येतात कसे?” मी विचारलं.

दारात टोपली टेकवून एक बाई उभी होती. पारूबाय. अंधेरीच्या बाजारात तिचा गाळा, मुलगा होडीवर. “कोन रं ह्यो?” तिने दादांना विचारलं.

“टेलिफोनवाला हाय.”

“मंग च्या पाज त्याला! लय उपकार हायत.” आणि माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाली, “ह्या नंबराला पैसा लागंत नाय. बाजारातल्या पेटीत नानं जातच नाय, मासलीच्या पान्यानं गंजलीय. दुसरीकडं फोन लावला तं मुकाट ऐकाया लागतं. ह्याला लावला, दादा ‘हलो’ बोल्ला, की खुशाल बोलायचं. मीच पयली शोदली. मंग बोरिवलीला सांगितली, घाटकोपरला सांगितली...”

“कुणाला सांगू नका,” मी म्हणालो. आवाज माझा नव्हता, माझ्या प्रोबेशनचा होता.

“सगल्यांला सांगितली की!”

परत येऊन कपाटाच्या मागे गेलो आणि तुकडे मोजले. दहा. जास्तीचा सोसायटीच्या नंबरवर. वाट लागली. कातर हातात होती, काम दोन सेकंदांचं होतं. मी ते केलं नाही. का नाही केलं, याची कारणं मी तीन वेगवेगळ्या वयांत तीन वेगवेगळी दिली आहेत. तरुणपणी म्हणायचो, गरिबांची सोय झाली होती. मध्यम वयात म्हणायचो, माझ्या हातचा नंबर इतका चालतोय याची मिजास वाटत होती. आता खरं सांगतो. निघताना पारूबायने केळीच्या पानात दोन पापलेटं बांधून दिली होती, आणि पुढे दर शुक्रवारी ती एक्स्चेंजच्या फाटकावर यायची. ती लाच नव्हती. ते कालवण होतं. पण खात्याच्या नियमपुस्तकात कालवणाला वेगळं कलम नव्हतं.

नारळी पौर्णिमा होऊन गेली, होड्या परत समुद्रावर गेल्या. आणि हुकूम आला: करमरकर साहेब तपासणीला येणार. फुकटच्या नंबरांची यादी आणि तारांचे तुकडे, एकास एक ताडून बघणार. यादीवर नऊ. त्याच तपासणीनंतर माझ्या कायम होण्याच्या कागदावर त्यांची सही व्हायची होती. करमरकर साहेब हा असा माणूस, की लग्नाच्या पंगतीतही पानातले पदार्थ मोजून बसेल.

त्या दिवशी सकाळी दहाला मी कपाटाच्या मागे गेलो. फटीतून पुढच्या बाजूचा सोसायटीचा सिलेक्टर दिसत होता. तो घटकाभर खाली टिकत नव्हता. फोन तुटायचा, टक्क करून पडायचा, की लगेच परत वर. असा तो कधीच नाचला नव्हता. मी पाहिलं. मला वाटलं, पापलेटाचा भाव चढला असेल. दोन फोनांच्या मधली फट साधून मी तार कापली.

अकराला साहेब आले. आमच्या हॉलमध्ये चाचणीसाठी एक नाण्याची पेटी होती, तिच्यावरून त्यांनी यादीतला एकेक नंबर बिननाण्याचा फिरवून पाहिला. नऊच्या नऊ बरोबर. मग मागे जाऊन तुकडे मोजले. नऊ. “छान,” म्हणाले. करमरकर साहेबांच्या तोंडून ‘छान’ म्हणजे इतरांच्या तोंडून ढोल-ताशे. माझ्या डोळ्यांपुढे अंतरपाट धरला गेला.

आणि खाली फाटकावर आवाज उठला. पहारेकरी ‘बाई, बाई’ करत मागे, आणि पुढे पारूबाय, टोपली डोक्यावर, ओली, थेट हॉलमध्ये. हजार म्हाताऱ्यांच्या सुपारीवर तिचा आवाज चढला.

“आमचा फुकटचा फोन कुनी मारला?”

साहेबांनी चष्मा काढला. “कुठला फोन?”

“सोसायटीचा! रातीपासनं वारा सुटलाय, पाच होऱ्या आल्या नाय. सगल्या बाया चारी बाजारांत पेटीला चिकटून हायत. आत्तापावत दादा बोलत व्हता, नाय आली, थांब, नाय आली, थांब. आता त्यो ‘हलो हलो, कोन गो, बोल गो’ वरडतंय. आमाला ऐकू येतंय, त्याला आमचं ऐकू जात नाय. नानं आत जाईत नाय. माजा पोर हाय रं त्या होरीत!”

मी तिथे उभा होतो. सिलेक्टर का नाचत होता, ते आता मला कळलं.

साहेबांनी तिला नंबर विचारला. तिने सहा आकडे घडाघडा म्हटले. साहेबांनी यादी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि कपाटाच्या मागे गेले. ताजं कापलेलं तांबं काळ्या पडलेल्या तारांत कसं चमकतं, हे मला सांगायला नको. ते बाहेर आले.

“हा तुकडा कुणी लावला होता?”

“मी, साहेब. चुकून.”

“आणि कापला कुणी?”

“मीच, साहेब. मुद्दाम.”

साहेब पेटीशी गेले, सोसायटीचा नंबर फिरवला. लाइन लागली. आता पेटी नाणं मागत होती. त्यांनी खिसे चाचपले, सुटं नव्हतं. माझ्या खिशात कातर तेवढी होती. पारूबायने कमरेची पिशवी सोडली, नाणं काढून साहेबांच्या हातावर ठेवलं. “टाक. आन इचार.”

नाणं पडलं. “हलो,” साहेब म्हणाले, “मी टेलिफोन खात्यातून, तपासणी अधिकारी...”

पलीकडून धर्मादादा एवढे ओरडले, की ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. “अधिकारी ऱ्हाऊ दे! होरी कंची ती बोल!”

साहेबांनी फोनवर हात ठेवून पारूबायला विचारलं, “होडी कुठली?”

“सोनसाखली.”

“सोनसाखळी,” साहेब फोनमध्ये म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी हा शब्द कचेरीच्या वेळेत उच्चारला असेल. मग ऐकत राहिले. नंतर सावकाश, इंग्रजी पत्राचा तर्जुमा करावा तसं, म्हणाले, “बंदराला लागली, म्हणतात. आत्ताच. पाचही लागल्या. मुलगा भिजलाय, बाकी काही नाही.”

पारूबाय खाली बसली. टोपली डोक्यावरच राहिली. मी ती उतरवून घेतली, तेवढं एक काम त्या दिवशी मी बरोबर केलं.

तिने मान वर केली. “आन बाकीच्या बाया?”

बोरिवली, घाटकोपर, मुलुंड. तिन्ही बाजारांत बायका अजून फोन कानाला लावून उभ्या होत्या. आणि बाजारातल्या त्या पेट्यांना उलट फोन करता येत नसे. साहेबांनी हे सगळं मनातल्या मनात ताडून पाहिलं असणार. मग म्हणाले, “तार परत लावा.”

“साहेब?”

“चाचणीसाठी. वहीत तसं लिहा.”

मी पळालो. घाईत टाक्याचा थेंब बुटावर पडला, पण या वेळी घर मोजायची गरजच पडली नाही. तार चिकटली आणि पलीकडे टकटक, टकटक, सिलेक्टर वर. आम्ही चाचणीच्या फोनवर ऐकत होतो. धर्मादादा: “लागल्या! पाची लागल्या! रडते कशाला, मासली विक!” खाली. परत वर. “मुलुंड? लागल्या गो!” पाऊण तास तो नाचला. मग हळूहळू थंडावला आणि जागेवर बसला.

“आता कापा,” साहेब म्हणाले.

मी कापली. दुसऱ्यांदा. या वेळी मात्र आधी लाइनवर कुणी नाही ना, ते ऐकून.

साहेबांनी त्याच दिवशी दोन कागदांवर सह्या केल्या. एक, बाजारांतल्या नाण्याच्या पेट्या आठवड्यात दुरुस्त करणे. त्या खरोखर आठवड्यात दुरुस्त झाल्या. खात्याच्या इतिहासात इतकं जलद काही घडलेलं मला माहीत नाही. दुसरा कागद माझा. प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढवले आहे. मी चाचरत आभार मानायला गेलो, तर म्हणाले, “चुकून लावली त्याबद्दल मी तुम्हाला माफ केलं असतं. चालू फोनवर नजर असताना काय चाललंय ते न विचारता कापलीत, त्याचे हे सहा महिने.”

ती बातमी मी फोनवर सांगू शकलो असतो. वाण्याचं दुकान होतं, नंबर होता. पण रविवारी मुलुंडला स्वतः गेलो आणि तात्यांच्या समोर बसून सगळं सांगितलं, आजच्या एवढंच, थोडं कमी रंगवून. तात्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि भिंतीकडे बघत म्हणाले, “सा म्हयने.”

“सहा महिने,” मी म्हणालो.

“आणि मगे परत कायतरी कापशीत.”

मला वाटलं, आता चहा येईल, आणि तो या घरातला माझा शेवटचा चहा.

आतल्या खोलीतून शालिनीचा आवाज आला. तोपर्यंत ती माझ्याशी सगळी मिळून चार वाक्यं बोलली असेल.

“अवो, पण ती होडी इली मा?”

“आली,” मी म्हणालो. “पाचही आल्या.”

आत भांड्याचा आवाज झाला. “मगे सा म्हयन्यांचा काय एवढा, बाबा,” ती म्हणाली. “चाय घेवन येतंय.”